श्वास मोजल्यावर पुढे काय?

वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचे माहेर. कापूस-तुरीच्या या मुलखात पऱ्हाटी आणि तुराट्यांचे सरपण घरचेच असते. म्हणून गॅस आला तरी अनेक घरांत चूल पेटतेच. समजा, अशा घरातील पंचेचाळिशीच्या बाईंची आरोग्य शिबिरात तपासणी झाली. त्यांनी विडी कधी ओढलेली नाही. तरी कागदावर शेरा आला : 'सीओपीडीचा संशय, पुढील तपासणी करावी.' कागद घडी होऊन फडताळात गेला. असे का होऊ नये, ते आपण पाहू.

धुराने बारीक श्वासनलिका सुजतात आणि वायुकोशांच्या भिंती झिजतात. या भिंतींच्या ताणामुळेच नलिका उघड्या राहतात. ताण गेला की श्वास सोडताना त्या मिटतात आणि हवा आत अडकते. पाण्याने भरलेली बरणी बादलीत उपडी धरून नळीने फुंकले, तर हवा किती ते कळते; १८४६ मध्ये हचिन्सनने श्वास मोजला तो याच तत्त्वावर. पण हा रोग 'किती' यापेक्षा 'किती वेळात' यात दिसतो. जोराने सोडलेली एकूण हवा २.२ लीटर आणि पहिल्या सेकंदातली १.३ लीटर असेल, तर गुणोत्तर ०.५९ येते. ०.७ पेक्षा कमी म्हणजे अडथळा.

मात्र एका फुंकरीवर निदान होत नाही. नलिका रुंदावणारे औषध ओढायला देऊन सुमारे १५ मिनिटांनी पुन्हा मोजतात. आकडा बराच सुधारला तर दम्याची शक्यता असते, ०.७ च्या खालीच राहिला तर सीओपीडी. खोकला जुना असेल तर क्षयासाठी थुंकीही तपासावी लागते.

झिजलेले वायुकोश परत येत नाहीत. मग दवाखान्यात पुन्हा का जायचे? कारण झीज मंदावता येते. दक्षिण चीनमधील खेड्यांत ९ वर्षे केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांनी इंधन बदलले आणि स्वयंपाकघरात वारा खेळता केला, तेथे फुफ्फुसांची घसरण कमी आढळली. म्हणून पुढच्या प्रत्येक भेटीत धुराची चौकशी, पंप ओढण्याची रीत, चालण्याचा व्यायाम आणि लसी यांकडे पाहायचे असते. पंपाची 'सवय' लागत नाही. उलट थोडेसे औषध थेट नलिकेत पोचते.

आशाताई तिशीपुढील माणसांचा जो तक्ता भरतात, त्यात चुलीच्या इंधनाचाही प्रश्न असतो. शिक्षकांनी वर्गात एवढेच विचारावे : घरी असा एखादा कागद पडून आहे का?