पडद्यावरची माणसं (७) : बाकावरचा रुमाल

डेव्हिड सुशे यांनी दूरचित्रवाणी मालिकेत अगाथा ख्रिस्तीच्या हर्क्युल पॉयरो या गुप्तहेराची भूमिका नुकतीच हाती घेतली होती, तेव्हाची ही गोष्ट. पॉयरो बागेतल्या बाकावर बसतो, एवढाच प्रसंग होता. सुशे यांचे म्हणणे असे, की हा माणूस आधी खिशातून रुमाल काढील, तो बाकावर नीट पसरील आणि मगच बसेल. दिग्दर्शकाला ते हास्यास्पद वाटले. वाद निर्माते ब्रायन ईस्टमन यांच्यापर्यंत गेला आणि रुमाल पसरला गेला. वरवर पाहता हा नटाचा हट्ट आहे. पण एकच पात्र १९८९ ते २०१३ अशी चोवीस वर्षे, सत्तर भागांतून उभे करणाऱ्या या नटाचे मोठेपण मला त्या रुमालातच दिसते. एवढी वर्षे एकच भूमिका करणे म्हणजे केलेलेच पुन्हा करणे, अशी समजूत सर्रास आढळते. मला ती चुकीची वाटते. मालिकेतल्या नटाला एक साहित्य मिळते, जे नाटकातल्या किंवा चित्रपटातल्या नटाला क्वचितच मिळते. ते म्हणजे प्रेक्षकाची वर्षानुवर्षांची आठवण. सुशे यांनी या साहित्याचा वापर जितक्या जाणतेपणाने केला, तितका फार थोड्यांनी केला असेल.

सुशे यांचा जन्म १९४६ चा, लंडनमधला. वडील डॉक्टर, तर आईचे वडील जेम्स जार्शे हे फ्लीट स्ट्रीटवरचे नामवंत वृत्तछायाचित्रकार. लॅम्डा या नाट्यसंस्थेत शिक्षण घेऊन ते १९७३ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीत आले. तिथे त्यांनी शायलॉक आणि इयागो रंगवले. गंमत म्हणजे अगाथा ख्रिस्तीच्या जगात त्यांचा पहिला प्रवेश पॉयरो म्हणून झालाच नाही. १९८५ च्या एका दूरचित्रवाणीपटात पीटर उस्तिनोव्ह पॉयरो होते आणि सुशे इन्स्पेक्टर जॅप. ते काम ते स्वतःच आपल्या सर्वांत सुमार कामांत धरतात. पुढे पॉयरोसाठी विचारणा झाली, तेव्हा थोरले भाऊ, वृत्तनिवेदक जॉन सुशे यांनी या भूमिकेच्या वाटेला जाऊ नकोस असाच सल्ला दिला. डेव्हिड यांनी मात्र पुस्तके वाचायला घेतली आणि वाचता वाचता टिपणे काढली. होता होता त्र्याण्णव नोंदींची यादी झाली. पहिलीच नोंद अशी, की हा माणूस बेल्जियन आहे, फ्रेंच नव्हे. पुढे चहातल्या साखरेच्या खड्यांचीसुद्धा नोंद आहे. ही यादी ते चित्रीकरणाच्या वेळी जवळ बाळगत. पॉयरोची सारी हुशारी डोक्यात, म्हणून आवाजही छातीतून वर डोक्याकडे नेला. ख्रिस्तीने लिहिलेली तुरुतुरु चाल साधेना, तेव्हा नितंबांत नाणे धरून चालण्याची जुनी नाटकी युक्ती उपयोगी पडली. ख्रिस्तीची कन्या रोझलिंड हिक्स यांनी त्यांना बजावले होते, की प्रेक्षकाने पॉयरोबरोबर हसावे, पॉयरोला हसू नये. ही अट पाळणे दिसते तितके सोपे नाही. मेण लावलेल्या मिशा, पोटाला बांधलेली गादी आणि चकचकीत बूट असा अवतार केलेल्या माणसाला हसणे ही प्रेक्षकाची पहिली, अगदी स्वाभाविक प्रतिक्रिया असते.

इतके बारकावे मांडून मिळवायचे काय, असा प्रश्न इथे येतो. १९७४ च्या चित्रपटात आल्बर्ट फिनी यांनी पॉयरो केला, त्यासाठी त्यांना ऑस्करचे नामांकनही मिळाले. मग दोन तासांत जे जमते त्याला दोन तपे कशाला? फरक असा, की चित्रपटातल्या नटाला पात्राची ओळख करून देणे आणि ते पात्र हादरवणे, दोन्ही त्याच दोन तासांत उरकावे लागते. साहजिकच रंग गडद लागतो. मालिकेत ओळखीचे काम आधीच्या भागांनी करून ठेवलेले असते. हा माणूस टेबलावरच्या वस्तू सरळ रेषेत लावतो, धुळीला भितो, दोन अंडी सारख्या आकाराची नसली तर अस्वस्थ होतो, हे प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेले असते. मग एखाद्या दिवशी तो वस्तू सरळ करायला विसरला, तर एवढ्यानेच प्रेक्षकाच्या काळजात धस्स होते. नियम काटेकोर असल्याशिवाय त्याचा भंग जाणवत नाही, आणि रुमालाचा आग्रह त्यासाठी होता.

याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे २०१० मधला ‘मर्डर ऑन दी ओरिएंट एक्स्प्रेस’. या रूपांतरावर टीका पुष्कळ झाली. मूळ पुस्तकातला हलकेपणा गेला, पॉयरोचा कॅथलिक धर्म नको तितका पुढे आणला, असे आक्षेप होते. त्यात तथ्य आहे. इस्तंबूलमधला दगडफेकीचा जादा प्रसंग मलाही ओढूनताणून आणलेला वाटतो. पण शेवट पाहा. कायदा आणि न्याय यांतून एकाची निवड करून पॉयरो बर्फातून चालत निघतो. हातात जपमाळ आहे, तोंडातून शब्द नाही, आणि नेहमी समाधानाने उजळणारा चेहरा कोसळू पाहतो आहे. पॉयरोला पहिल्यांदाच पाहणाऱ्याला हे दृश्य भावुक वाटेल, कदाचित भडकही. वीस वर्षे पाहत आलेल्याला ते असह्य होते, कारण उकल सांगून झाल्यावर हा माणूस किती खुशीत असतो, हे त्याला पाठ असते. हा परिणाम पटकथेत लिहून आणता येत नाही. तो आधीच्या साठ-सत्तर भागांच्या पुण्याईवर मिळतो.

श्रेय एकट्या नटाचे नाही, हे खरेच. क्लाइव्ह एक्स्टन यांच्या पटकथा, सोबतच्या पात्रांत ह्यू फ्रेझर यांचा हेस्टिंग्ज, फिलिप जॅक्सन यांचा जॅप आणि पॉलिन मोरन यांची मिस लेमन यांच्याशिवाय हे घर उभे राहिले नसते. पण लेखक, दिग्दर्शक आणि निर्माते बदलत गेले, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मालिका काही वर्षे थांबली, २००० मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि या साऱ्यात पात्राची स्मृती जपणारी त्र्याण्णव नोंदींची यादी एकाच माणसाजवळ होती. दुसरा आक्षेप एकाच भूमिकेचा शिक्का बसल्याचा. तो तर त्यांच्या इतर कामांपुढे टिकतच नाही. पॉयरो चालू असतानाच सुशे यांनी हॅरॉल्ड पिंटर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘ओलिआना’ केले, ‘अमेडियस’मधला सालिएरी लंडन आणि ब्रॉडवेवर रंगवला, बीबीसीच्या २००१ च्या मालिकेत ऑगस्टस मेलमॉटसारखा दांडगा लबाड भांडवलदार उभा केला, आणि वृत्तपत्रसम्राट रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या भूमिकेसाठी २००८ चे आंतरराष्ट्रीय एमी मिळवले. मेलमॉट आणि पॉयरो शेजारी ठेवून पाहावेत. एकाचा देह खोली व्यापून टाकतो, दुसऱ्याचा देह आपल्यावर धूळ बसू नये म्हणून आक्रसतो.

उरतो शेवटचा भाग, ‘कर्टन’. ख्रिस्तीने ही कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून ठेवली, ती प्रसिद्ध झाली १९७५ मध्ये. पॉयरो म्हातारा झाला आहे, संधिवाताने जखडून चाकाच्या खुर्चीत बसला आहे. नाण्याच्या युक्तीने कमावलेली ती तुरुतुरु चाल इथे नाहीच. पोटाची गादी काढलेली, देह वाळलेला, वस्तू सरळ करणारी बोटे वाकडी झालेली. चोवीस वर्षांत प्रेक्षकाच्या ओळखीचे झालेले एकेक लक्षण नट स्वतःच्या हाताने उतरवून ठेवतो आहे. हे प्रक्षेपित झाले १३ नोव्हेंबर २०१३ रोजी, पण चित्रित झाले त्या अखेरच्या मालिकेत सर्वांत आधी. त्यानंतर आणखी चार भाग व्हायचे होते. म्हणजे पॉयरोचा मृत्यू साकारून झाल्यावर सुशे यांनी गादी पुन्हा बांधली, मिशी पुन्हा चिकटवली. अखेरचे चित्रीकरण ‘डेड मॅन्स फॉली’चे, २०१३ च्या जूनमध्ये डेव्हनमधल्या ग्रीनवे इथे. ते घर अगाथा ख्रिस्तीचे स्वतःचे. त्या घराच्या आवारात पॉयरो पुन्हा एकदा छोटी छोटी पावले टाकत चालला, अगदी पहिल्या भागात चालला होता तसाच.