शहरातल्या कॉलेजात जाण्यापूर्वी



तुमच्यापैकी काही जण दोन-तीन वर्षांत मुंबईला किंवा पुण्याला शिकायला जाल. घरात त्याची चर्चाही सुरू झाली असेल. अम्मींना जेवणाची काळजी, अब्बांना खर्चाची. तुमच्या डोळ्यांपुढे मात्र समुद्र आणि लोकल गाडी असेल! या पाठात आपण मुंबईचे उदाहरण घेऊ आणि आतापासून कोणती तयारी करता येईल ते पाहू.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. फोर्ट भागातील त्याचा राजाबाई टॉवर तुम्ही चित्रात पाहिला असेल. तो १८७८ साली बांधून पूर्ण झाला. पण विद्यापीठात शिकायचे म्हणजे रोज या मनोऱ्याखाली बसायचे, असे नाही. विद्यापीठाला शेकडो कॉलेजे जोडलेली आहेत. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.चे विद्यार्थी आपापल्या कॉलेजात शिकतात आणि पदवी विद्यापीठ देते. पुढच्या शिक्षणाचे बरेच विभाग सांताक्रूझजवळ कालिना येथे आहेत. म्हणून कोणते कॉलेज आणि ते कोणत्या स्टेशनजवळ, हे आधी विचारा. राहण्याची खोली त्यानंतर शोधा.

मोठ्या शहराच्या गर्दीची भीती सगळ्यांना वाटते. परंतु गर्दीची सवय आठ दिवसांत होते. खरी अडचण येते ती भाषेची. दहा वर्षे तुम्ही सगळे विषय उर्दूतून शिकता. कॉलेजात विज्ञानाचे किंवा वाणिज्याचे प्राध्यापक इंग्रजीत बोलू लागतात. मग हुशार मुलगासुद्धा मागच्या बाकावर गप्प बसतो, स्वतःला मठ्ठ समजू लागतो आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आला की परत जात नाही. अशी मुले मी पाहिली आहेत. त्यांना विषय येत होता, फक्त त्याचे नवे नाव माहीत नव्हते.

यावर एक साधा उपाय आहे. एक वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा. उर्दूचा रकाना उजवीकडे ठेवा, म्हणजे हाताला सवयीचे वाटेल. मधे मराठी शब्द लिहा आणि डावीकडे इंग्रजी. मुसल्लस म्हणजे त्रिकोण, म्हणजेच ट्रँगल. कशिशे सकल म्हणजे गुरुत्वाकर्षण, म्हणजेच ग्रॅव्हिटी. ज़ियाई तालीफ म्हणजे प्रकाशसंश्लेषण, म्हणजेच फोटोसिंथेसिस. रोज पाच शब्द लिहिले तरी वर्षभरात दीड हजारांहून अधिक शब्द जमतील. एवढे शब्द जवळ असतील तर पहिला तास अगदीच परका वाटणार नाही.

आता तुम्ही विचाराल, "सर, मधला मराठी रकाना कशाला?" कॉलेजचे कार्यालय, तहसील कचेरी, बँक, बसचा थांबा, सगळीकडे मराठी लागते. आणि ही मराठी तुम्हांला वाटते तितकी अवघड नाही. अर्ज, तारीख, मुदत, रक्कम, जमा, हजर हे शब्द ऐका. ते फारसी-अरबीतून मराठी कारभारात आले आणि इथलेच झाले. मात्र काही शब्दांनी वाटेत अर्थ बदलला आहे. उर्दूत दाख़िला म्हणजे प्रवेश, तर मराठीत दाखला म्हणजे प्रमाणपत्र. खिडकीतून कारकून म्हणाले, "दाखला आणा," तर ते कागद मागत आहेत, हे लक्षात ठेवा.

कागदांचे निघालेच आहे तर आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्या नावांचे स्पेलिंग फार त्रास देते. एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर मोहंमद, तिसऱ्यावर नुसते मो.! शिष्यवृत्तीचा अर्ज अशा फरकामुळे अडकून पडतो. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी शाळेतील नोंद, जन्माचा दाखला आणि आधार कार्ड शेजारी ठेवून वाचा. फरक दिसला तर लगेच मुख्याध्यापकांना भेटा. शाळा सोडल्यानंतर याच कामासाठी खूप खेटे घालावे लागतात. शाळा सोडल्याच्या दाखल्याची मूळ प्रत कॉलेज ठेवून घेते, म्हणून आधीच त्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवा.

घरकामही थोडे शिकून घ्या. हे मी मुलांना अधिक सांगतो, कारण मुलींना ते बहुधा येतच असते. डाळ-खिचडी शिजवणे, कपडे धुणे, महिन्याचा हिशेब लिहिणे, एवढे आले तरी पुरे. खानावळ बंद असेल त्या रात्री त्याची किंमत कळते.

शेवटी लोकलविषयी. मुंबईत पश्चिम, मध्य आणि हार्बर असे तीन मोठे मार्ग आहेत. जलद गाडी ठरावीक स्टेशनांवरच थांबते, धीमी गाडी सगळीकडे थांबते. चुकून जलद गाडीत बसलात तर तुमचे स्टेशन डोळ्यांसमोरून निघून जाईल. महिलांसाठी वेगळे डबे असतात. विद्यार्थ्यांना पासात सवलत मिळते. तिचा अर्ज कॉलेजच्या कार्यालयात मिळतो आणि तो ठरावीक दिवसांतच स्टेशनच्या खिडकीवर द्यावा लागतो. वर्ग सुरू होण्याआधी खोलीपासून कॉलेजपर्यंत एकदा जाऊन या आणि किती वेळ लागतो ते पाहा. मात्र त्यासाठी रविवार निवडू नका. रुळांच्या दुरुस्तीसाठी त्या दिवशी बहुधा मेगाब्लॉक असतो. गाड्या कमी आणि उशिरा धावतात, त्यामुळे रोजच्या वेळेचा अंदाज येणार नाही.