विमा संपलेल्या गाडीचा अपघात: भरपाई कोण देणार?

कबनूर-इचलकरंजी रस्त्यावर विमा संपलेल्या गाडीनं कुणाला उडवलं, तर दोन हजारांचा दंड भरला की सुटलो, असं समजणारे पुष्कळ आहेत. दंड खराच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 196 नुसार पहिल्या वेळी 2,000 रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण हे पैसे सरकारजमा होतात. जखमीची किंवा मयताच्या वारसांची भरपाई वेगळी, आणि विमा कंपनीच नसेल तर ती चालक-मालकाच्या खिशातून जाते.

किती? समजा, 30 वर्षांचा यंत्रमाग कामगार गेला. महिन्याची मिळकत 15,000, मागे बायको, दोन मुलं, आई. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) निकालांनी हिशोब ठरवून दिला आहे. भविष्यातली 40 टक्के वाढ धरून 21,000, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून 15,750, वर्षाचे 1,89,000, वयाप्रमाणे 17 पट केले की 32,13,000 रुपये. व्याज आणि अंत्यविधीचा खर्च वेगळा.

‘माझ्याकडं पैसेच नाहीत, काय करतील?’ कलम 174 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडं वसुली दाखला पाठवतं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. शेत, घर जप्तीत येऊ शकतं.

सगळ्यात महागात पडतो तो पुढचा समज: ‘गाडी मी विकली, माझा काय संबंध?’ स्टॅम्पपेपरवर करार केला, टीटी फॉर्मवर (गाडी नावावर करण्याच्या अर्जावर) सह्या दिल्या, चावी दिली आणि विषय संपला, असं आपल्याकडं सर्रास चालतं. 2018 साली सर्वोच्च न्यायालयापुढं असंच प्रकरण आलं. गाडी एकामागून एक हातांत फिरली होती, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर. जबाबदार तोच ठरला. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) ज्याचं नाव, तो कायद्यानं मालक. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्यानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. घेणाऱ्याच्या भरवशावर ते सोडू नका.

‘चूक समोरच्याची होती’ म्हणूनही पूर्ण सुटका नाही. 1 एप्रिल 2022 पासून लागू असलेल्या कलम 164 खाली चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी 5 लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात.

पॉलिसी संपल्यावर 90 दिवसांची सवलत असते, हाही चुकीचा समज. ते दिवस फक्त नो क्लेम बोनस टिकण्यासाठी. त्या काळात अपघात झाला तर विमा नाहीच.

उलट बाजूही सांगायला हवी. तुमच्या गाडीचा विमा नव्हता, पण चूक दुसऱ्याची होती, तर दंड भरावा लागला तरी भरपाईचा तुमचा हक्क जात नाही. गप्प बसू नका. दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करा. तो तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो.