कुत्र्याला वास येतोय : आंघोळ की डॉक्टर?

निरोगी कुत्र्याच्या अंगाला थोडा वास असतोच, पावसाळ्यात जरा जास्तच. अंग नीट कोरडं केलं की तो जातो. आंघोळीनंतर एक-दोन दिवसांतच दुर्गंधी परतली, तर कारण दुसरं असतं.

सर्वाधिक दुर्लक्ष होतं ते कानांकडे. लॅब्राडोर, कॉकर स्पॅनियल यांच्या लोंबत्या कानांत हवा खेळत नाही आणि मॅलेसेझिया ही यीस्ट फोफावते. कान उलटून पाहावा : तपकिरी, मेणचट मळ आणि आंबूस वास. कानात इअरबड घालू नये, मळ आणखी आत जातो. कानाचा पडदा शाबूत आहे का, हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय घरातले जुने थेंबही नकोत.

सडक्या मासळीसारखा वास आणि बूड जमिनीवर घासत सरकणं, ही गुदद्वाराजवळच्या दोन ग्रंथी तुंबल्याची खूण. त्या डॉक्टरांकडून रिकाम्या करून घ्याव्यात.

वास कातडीचा असेल, तर डॉक्टरांनी त्यासाठी दिलेला औषधी शाम्पू साधारण 10 मिनिटं अंगावर ठेवावा लागतो. लगेच धुतला तर पैसे पाण्यात! माणसांचा शाम्पू तर नकोच.

तोंडाचा वास बहुधा दातांवरच्या किटणाचा असतो. तो अमोनियासारखा असेल आणि कुत्रा फार पाणी पीत असेल, तर मूत्रपिंडासाठी रक्त तपासावं.

नसबंदी न झालेल्या मादीला माजानंतर काही आठवड्यांत दुर्गंधीयुक्त स्राव, सुस्ती, उलट्या दिसल्या, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं. उशीर जिवावर बेततो.