चेन वारंवार का उतरते?

भिवंडी तालुक्यातील दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ या गावांचा जो मुलूख आज गोदामांनी व्यापलेला दिसतो, त्याच्या वाढीच्या कारणांत मुंबईची जकात हे एक प्रमुख कारण होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर अमलात येऊन जकात संपुष्टात आली, तरी गोदामे राहिली, आणि कंटेनरांनी उखडलेल्या, उन्हाळ्यात धुळीने व पावसाळ्यात चिखलाने भरलेल्या रस्त्यांवरून कामावर जाणारा श्रमिकवर्गही राहिला. अशा मनुष्यास आपल्या जुन्या सायकलीला मोटार जोडून घ्यावीशी वाटणे सर्वथा स्वाभाविक आहे. परंतु मोटार बसल्यावर थोड्याच दिवसांत चेन खडखडू लागते, उतरते, क्वचित तुटतेही. मालक नवी चेन आणतो, आणि तीही उतरते. माझे स्पष्ट मत असे की, अशा बहुतेक तक्रारींचे मूळ चेनमध्ये नसून मागच्या स्प्रॉकेटच्या बैठकीत असते, आणि तेथे दुरुस्ती केल्यावाचून चेनवर केलेला खर्च व्यर्थ होय.

हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने १८८० मध्ये मँचेस्टर येथे सिद्ध केलेली बुश व रोलर यांची चेन अत्यंत भरवशाची आहे; तिची अपेक्षा एवढीच की, पुढचे व मागचे दंतचक्र एकाच रेषेत असावे आणि दोन्ही आपापल्या केंद्राभोवती अचूक फिरावीत. पायडलच्या बाजूस ही अपेक्षा कारखान्यातच पुरी झालेली असते. डाव्या बाजूस, जेथे मोटारीची चेन चालते, तेथे ती सर्वस्वी मिस्त्रीच्या हातावर अवलंबून राहते.

बाजारात मिळणाऱ्या २४ व्होल्ट, २५० वॉटच्या संचात बहुधा मोटारीवर ९ दात्यांची चक्री आणि मागे १८ दात्यांचे फ्रीव्हील असते. हे फ्रीव्हील डाव्या बाजूस असल्याने त्याचे आटे उलटे असणे अवश्य आहे. सरळ आटे असतील, तर मोटारीचा प्रत्येक झटका ते आवळण्याऐवजी सैलच करीत जातो. पेट्रोल इंजिनाच्या संचात (२५ घन सेंटिमीटरहून मोठे इंजिन लावले की ती सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते व नोंदणी चुकत नाही) मोठे स्प्रॉकेट रबरी चकत्यांच्या साहाय्याने स्पोकांनाच बोल्टांनी आवळलेले असते. ही पद्धत मला मुळीच पसंत नाही, कारण स्पोक रिम ताणून धरण्यासाठी असतात, मधोमध पिळवटून घेण्यासाठी नव्हे. शक्य तेथे स्प्रॉकेट हबलाच पक्के करावे.

परीक्षा सोपी आहे. बॅटरीची जोडणी काढून सायकल उलटी करावी, फ्रेमला टेकवून धरलेल्या पेन्सिलीचे टोक स्प्रॉकेटच्या कडेजवळ आणावे, आणि चाक सावकाश हाताने फिरवावे. पेन्सिल व कड यांतील अंतर बाजूने कमीजास्त होत असेल, तर स्प्रॉकेट लचकत आहे. चेन एका ठिकाणी ताठ आणि अर्धा फेरा फिरताच ढिली होत असेल, तर स्प्रॉकेट केंद्रापासून सरकले आहे. प्रथम चाकाचाच आऊट काढून घ्यावा, मग बोल्ट किंचित सैल करून, उंच भागावर लाकडी ठोकळ्याने हलके ठोके देत स्प्रॉकेट मध्यावर आणावे, आणि बोल्ट क्रमाने न आवळता समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावेत. हे काम घाईचे नाही. पेन्सिलीची फट सर्वत्र सारखी दिसेपर्यंत ते पुनःपुन्हा करावे लागते.

यानंतर ताणाचा प्रश्न येतो. मागचे चाक एक आणि चेन दोन, म्हणून चाक मागे ओढून दोन्ही चेन एकदम ताणण्याची तजवीज कधीच साधत नाही. आधी चाक सरकवून पायडलची चेन ताणावी, आणि मग मोटार तिच्या पट्टीवरील खाचेत सरकवून दुसरी. मध्यावर बोटाने दाबले असता अर्धा इंच खाली जाईल एवढी ढिलाई असावी. फ्रेमवर चिमट्याने बसवलेली ताणरोलरची पट्टी सैल होऊन स्पोकांत फिरली, तर धावते चाक जागच्या जागी अडते. म्हणून तिच्यावर विसंबू नये, चेनची एखादी कडी कमी करणे श्रेयस्कर. लॉकच्या क्लिपचे बंद तोंड चेनच्या गतीच्या दिशेने ठेवावे.

चेन झिजली की नाही हे साध्या फूटपट्टीने कळते. अर्ध्या इंचाच्या २४ कड्या ताणून मोजल्या असता बरोबर १२ इंच भराव्यात. १/१६ इंच जादा भरल्यास चेन बदलावी, आणि १/८ इंचापर्यंत तफावत गेली असेल तर स्प्रॉकेटचे दातेही झिजले असे समजावे. आकड्यासारख्या वाकलेल्या दात्यांवर नवी चेन कदापि चढवू नये. चेन, चक्री आणि स्प्रॉकेट एकदमच बदलावे, आणि पहिल्या काही फेऱ्यांनंतर सर्व बोल्ट पुन्हा एकवार आवळून घ्यावेत.