मावळतीच्या आत : परदेशातील पहिला हिवाळा

मार्गशीर्ष लागला की बिद्रीच्या रस्त्यावर उसाने लादलेल्या वाहनांच्या रांगा लागतात. दूधगंगा-वेदगंगा कारखान्याचा गळीत हंगाम ऐन भरात असतो, पहाटेच्या धुक्यात मळीचा वास मिसळलेला असतो आणि कोल्हापूर-गारगोटी मार्गावरील दुकाने दिवस उजाडण्यापूर्वीच उघडतात. ऊसतोडीला आलेली माणसे, गाडीवान, शेतकरी यांची खरेदी याच दिवसांत होते. व्यापाऱ्याच्या घरात हे दिवस दुकान सोडण्याचे नव्हेत, अशी आमच्या वडीलधाऱ्यांची शिकवण. म्हणूनच गतवर्षी आमच्या घरातील तीन तरुणांनी, म्हणजे माझा पुतण्या, त्याची पत्नी आणि माझी धाकटी कन्या यांनी, डिसेंबरात बारा दिवस लंडनला जाण्याचा मनोदय बोलून दाखविला, तेव्हा घरात प्रथम शांतता पसरली.

पुतण्याचे म्हणणे सरळ होते. त्याच्या पत्नीला नोकरीत रजा मिळते ती नाताळातच. भाडे त्यांनी दोन वर्षे साठवून ठेवले होते. आणि चातुर्मास तर कार्तिकी पौर्णिमेसच संपला होता. दुकानाची चिंता माझ्या बंधूंनी व मी आपसांत वाटून घेतली. प्रश्न उरला तो आमच्या मातोश्रींचा. त्यांनी पैशाविषयी काही विचारले नाही, थंडीविषयी विचारले नाही. एवढेच विचारले, “तिथे सूर्य किती वाजता मावळतो रे?”

या एका प्रश्नाचे उत्तर शोधताना आमच्या मुलांच्या प्रवासाची खरी तयारी झाली. आज आपल्या समाजातील अनेक घरांतून तरुण मुले-मुली पहिल्यांदाच हिवाळ्याच्या सुट्टीत परदेशी निघतात. त्यांना व त्यांच्या वडीलधाऱ्यांना तो अनुभव उपयोगी पडावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी गेलेले दोन तरुण

समुद्रापलीकडे जाण्याची भीती आपल्याकडे नवी नाही. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 साली विलायतेस गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. त्यांनी त्या प्रवासाची दैनंदिनी लिहिली. कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी ती संपादित केली आणि 1872 मध्ये ती लंडनला प्रसिद्ध झाली. परंतु ती छापलेली पाहण्यास महाराज राहिले नव्हते. मायदेशी परतताना इटलीतील फ्लॉरेन्स नगरात ते आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी त्यांचे निधन झाले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी देण्यात आला. तेथे 1874 मध्ये उभारलेले त्यांचे स्मारक आजही आहे आणि जवळच्या पुलालाही ‘भारतीयाचा पूल’ याच अर्थाचे नाव आहे. कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय त्यांचेच नाव चालविते.

दुसरे उदाहरण आपल्या समाजाचे. 1893 च्या सप्टेंबरात शिकागो येथे सर्वधर्मपरिषद भरली. तिचे निमंत्रण आचार्य आत्मारामजी महाराजांस आले होते. परंतु साधुजीवनाच्या मर्यादेमुळे त्यांना समुद्र ओलांडणे शक्य नव्हते. त्यांनी महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी यांना तयार करून पाठविले. वीरचंदभाई तेव्हा 29 वर्षांचे होते. परिषदेनंतरही ते अमेरिकेत राहिले, तेथील कडक हिवाळे त्यांनी काढले, गावोगावी व्याख्याने दिली आणि आपला शाकाहार सोडला नाही. परत आल्यावर, समुद्र ओलांडला म्हणून, समाजातील काही मंडळींचा रोष त्यांना सोसावा लागला. 1901 साली, वयाच्या अवघ्या 36 व्या वर्षी, ते मुंबईत निवर्तले.

राजाराम महाराजांसोबत लवाजमा होता, वीरचंदभाईंच्या पाठीशी गुरूंची आज्ञा होती. आजच्या तरुणांजवळ यांपैकी काहीच नसते. हातात भ्रमणध्वनी असतो आणि मनात उत्साह. मग त्यांच्यासोबत काय द्यावे?

दिशांची मर्यादा

आपल्या शास्त्रांत प्रवासाचा विचार नाही, असे कोणी समजू नये. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहेच. दहाही दिशांस आपण कोठवर जाऊ, याची मर्यादा आधी ठरवावयाची, हे त्याचे स्वरूप. त्या मर्यादेच्या आत ठराविक काळापुरती आणखी लहान मर्यादा घालून घेणे हे देशव्रत. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या व्यापारासाठी देशोदेशी संचार केला, त्याच समाजाने हे व्रत जपावे यात मोठे मर्म आहे. जाऊ नका, असे हे व्रत म्हणत नाही. निघण्यापूर्वी ठरवा, असे म्हणते. याच व्रताच्या अतिचारांत ‘स्मृत्यंतराधान’ हा एक अतिचार सांगितला आहे. ठरविलेल्या मर्यादेचे विस्मरण होणे, हा त्याचा अर्थ. मर्यादा मोडण्याच्या इच्छेने मोडली जाते त्याहून अधिक वेळा ती विसरल्याने मोडते, हे पूर्वाचार्यांनी अचूक ओळखले होते.

सूर्याचे वेळापत्रक

आता मातोश्रींच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडे डिसेंबराच्या मध्यास सूर्य संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो. लंडनमध्ये तो चारच्याही आधी मावळतो आणि सकाळी आठच्या सुमारास उगवतो. सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे, आणि सूर्यास्तापूर्वी दोन घटिका सोडणाऱ्यास आहारासाठी जेमतेम सहा तास उरतात. आइसलँडची राजधानी रेक्याविक येथे सूर्य अकरा वाजून गेल्यावर उगवतो आणि साडेतीनच्या सुमारास मावळतो. उत्तर नॉर्वेतील ट्रोम्सो येथे तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. आकाशातील रंगीत प्रकाश पाहण्यासाठी हल्ली पुष्कळ तरुण तेथे जातात. रात्रिभोजनाचा त्याग असणाऱ्याने तिकीट काढण्यापूर्वी या गोष्टीचा विचार करावा आणि आपल्या गुरूंचा अथवा ज्येष्ठांचा सल्ला घ्यावा.

ज्याला ही ओढाताण नको, त्याला अन्य दिशा मोकळ्या आहेत. सिंगापुरात वर्षभर सूर्यास्त सातच्या आसपासच असतो. ऑस्ट्रेलियातील सिडनीत डिसेंबर हा उन्हाळा. तेथे सूर्य रात्री आठपर्यंत रेंगाळतो. पण बर्फ पाहण्याची हौस असेल, तर दिवस आखूड मिळणार हे गृहीतच धरले पाहिजे.

आमच्या मुलांनी बारा दिवसांचे सूर्योदय-सूर्यास्त एका कागदावर लिहून काढले आणि त्याभोवती प्रत्येक दिवसाची आखणी केली. सकाळी नऊला पोटभर न्याहरी, दुपारी अडीचला मुख्य भोजन आणि अंधार पडल्यावर रोषणाई पाहणे. लोक उपाहारगृहाच्या दारात रांगा लावून उभे असताना हे तिघे थेम्स नदीच्या काठाने निवांत फिरत. सूनबाई परत आल्यावर म्हणाल्या, “नियमामुळे आमचा वेळ गेला नाही, उलट हाती आला.”

शिदोरी आणि लेबल

शिदोरीविषयी एक सूचना महत्त्वाची. भारतातून ब्रिटनमध्ये किंवा युरोपीय संघाच्या देशांत जाताना मांसाप्रमाणेच दूध व दुधाचे पदार्थ सामानातून नेण्यास मनाई आहे. आजीने प्रेमाने दिलेले पेढे, बर्फी, तुपाची बरणी विमानतळावर काढून घेतली जाईल. त्याऐवजी खाखरे, भडंग, मेतकूट, बिनलसणीची शेंगदाण्याची चटणी, चिक्की हे पदार्थ न्यावेत. ते टिकतात आणि थंडीत ऊबही देतात.

तेथे विकत घेताना वेष्टन वाचण्याची सवय लावावी. ब्रिटन व युरोपात अंडे आणि दूध हे घटक यादीत ठळक अक्षरांत छापणे कायद्याने बंधनकारक आहे, हा आपला मोठा आधार. तरीही काही गोष्टी यादीत सहज लक्षात येत नाहीत. ‘ई 120’ हा लाल रंग किड्यांपासून होतो. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. इटलीच्या प्रसिद्ध पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट असतेच. स्वित्झर्लंडच्या फाँड्यूत चीजसोबत मद्य घालण्याची रीत आहे. इंग्लंडच्या पारंपरिक नाताळ-पुडिंगमध्ये प्राण्यांची चरबी व ब्रँडी असते. बेल्जियममध्ये तळणासाठी गोवंशाची चरबी वापरण्याची जुनी प्रथा आहे. जर्मनीच्या नाताळ-बाजारांत जागोजागी गरम मद्याचा वास दरवळतो. पण तेथेच मुलांसाठी मद्यविरहित ‘किंडरपुन्श’ मिळतो आणि कोळशावर भाजलेले चेस्टनटही मिळतात. ते झाडावरचे फळ आहे, कंद नव्हे. नाताळचा आनंद आपल्या मर्यादेत घेण्याची सोय शोधणाऱ्यास सापडते.

कपड्यांचेही तसेच. थंडीसाठी मिळणाऱ्या ‘डाऊन’ कोटांत बदकांची वा हंसांची पिसे भरलेली असतात. कृत्रिम धाग्याचे भरण असलेले कोट तितकेच ऊबदार मिळतात. युरोपात पादत्राणांवर चिन्हे छापलेली असतात. पसरलेल्या कातड्याची आकृती असेल तर चामडे, जाळीची असेल तर कापड आणि चौकटीच्या हिऱ्यासारखी असेल तर अन्य पदार्थ. भाषा येत नसली तरी ही चिन्हे वाचता येतात.

आणखी एक गोष्ट. 25 डिसेंबरला लंडनमध्ये आगगाड्या व भुयारी रेल्वे बंद असतात आणि मोठी दुकाने उघडण्यास कायद्यानेच बंदी आहे. आधी माहीत नसणाऱ्याची त्या दिवशी उपासमार होते. आमच्या मुलांनी आदल्या दिवशीच फळे, भाज्या, डाळ-तांदूळ आणून ठेवले होते. नाताळच्या दिवशी त्यांनी खोलीतच खिचडी केली आणि निर्मनुष्य रस्त्यांवरून मैलोगणती पायी भटकंती केली. सर्व प्रवासात तोच दिवस सर्वाधिक आवडला, असे कन्येने सांगितले.

लेस्टरची संध्याकाळ

लंडनच्या उत्तरेस, आगगाडीने सवा-दीड तासाच्या अंतरावर लेस्टर नगर आहे. तेथील जैन मंदिर पूर्वीच्या एका चर्चच्या वास्तूत उभे राहिले असून 1988 साली तेथे प्रतिष्ठा झाली. एकाच छताखाली श्वेतांबर व दिगंबर दोन्ही मंदिरे आणि स्थानकवासी उपाश्रयही आहे. परदेशात आपण आधी जैन असतो आणि मग पंथाचे, हे त्या वास्तूत पाऊल टाकताच उमगते, असे पुतण्याने लिहून कळविले होते.

परंतु त्याच दिवशी चूक घडली. दर्शनाच्या ओढीत सकाळी डबा खोलीवरच राहिला. दर्शन, पूजन, तेथील ज्येष्ठांशी गप्पा यांत वेळ कसा गेला ते कळले नाही. बाहेर आले तेव्हा अंधार पडला होता. परतीची गाडी उशिरा धावत होती, फलाटावर वारा बोचत होता आणि सकाळपासून पोटात काही नसल्याने कन्येला घेरी आली. सहाच्या सुमारास पिशवीच्या तळाशी सापडलेले चार खाखरे तिघांनी वाटून खाल्ले.

बिद्रीला परतल्यावर त्या तिघांनी पहिल्याच दिवशी ही हकीकत मातोश्रींना सांगितली. कोणी विचारले नव्हते. लंडनच्या फलाटावर कोणी पाहिलेही नव्हते. मातोश्री काही वेळ जपमाळ हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, “सूर्य काही तुम्हांला विचारून मावळणार नाही. विसरलात, ती चूक. पण लपवलं असतंत, तर मग काय नेलंत आणि काय आणलंत?” दुसऱ्या दिवशी तिघांनी एकाशन केले. मातोश्रींनीही त्यांच्यासोबत केले.

त्या दिवशी मला स्मृत्यंतराधानाचा अर्थ पुस्तकाबाहेर समजला. मर्यादा विसरली गेली होती; पण मर्यादा होती, म्हणूनच तिचे विस्मरण जाणवले. ज्याने निघताना काहीच ठरविले नाही, त्याला परत आल्यावर सांगण्यासारखेही काही उरत नाही.

वडीलधाऱ्यांस विनंती

समाजातील ज्येष्ठांस माझी नम्र विनंती आहे की, मुलांना अडवू नये. आपण अडविले तर ती जातील आणि सांगणार नाहीत. जाऊ दिले आणि तयारी करून दिली, तर सांगतील. व्हिसा, युरोपात सक्तीचा असलेला तीस हजार युरोंचा प्रवासी आरोग्यविमा, औषधे, पैसे यांची चौकशी आपण करतोच. त्या यादीच्या शिरोभागी सूर्यास्ताची वेळ लिहावी.

आणि तरुणांस एवढेच सांगणे आहे की, आपले नियम निघण्यापूर्वी स्वतः ठरवा, घरच्यांसमोर बोलून दाखवा आणि झेपतील तेवढेच घ्या. घेतलेले विसरलात, तर परत आल्यावर सांगण्याचे धैर्य ठेवा.

यंदाही हंगाम सुरू झाला आहे. दुकानात उसंत नाही. काल पुतण्याने पुढच्या डिसेंबराचा विषय काढला. या खेपेस मातोश्रींनी काही विचारण्यापूर्वीच त्याने खिशातून कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यावर केवळ तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे सूर्य मावळण्याची वेळ.