जुनाट दुखणें आणि घरचा योगाभ्यास



शाळेंतून निवृत्त झाल्यावर निवांतपणें योगाभ्यास करावा, असें मीं योजिलें होतें. परंतु सारी उमर फळ्यापुढें उभें राहून काढल्यामुळें म्हणा, किंवा वयोमानामुळें म्हणा, नोकरी संपण्यापूर्वींच कंबरदुखीनें मला गांठलें. एका हिवाळ्यांत तर, नाशिकच्या कडाक्याच्या थंडींत, पायमोजे चढविण्यासही मला पत्नीचें साहाय्य घ्यावें लागे. अशा माणसानें आसनें करावीं कीं नाहीं, आणि करावयाचीं तर किती, हा प्रश्न आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असेल. त्याचें जें उत्तर मला हळूहळू उमगलें, तें आज आपणांपुढें मांडतों.

प्रथम माझी चूक सांगतों. ज्या दिवशीं दुखणें कमी असे, त्या दिवशीं मागची उणीव भरून काढावी म्हणून मी तासभर आसनें करीत असें. दुसऱ्या दिवशीं कंबर धरे, आणि मग चार दिवस सतरंजीला हात लागत नसे. पुन्हां बरें वाटलें कीं पुन्हां तासभर! पुढें पुढें तर वांकावयाचेंच भय वाटूं लागलें. स्नायूंना काम नसलें कीं ते दुर्बळ होतात. दुर्बळ स्नायु थोड्याशा कामानेंही दुखतात. आणि दुखलें कीं माणूस आणखी कमी हलतो. या फेऱ्यांत मी सांपडलों होतों.

येथें दुखण्याचें स्वरूप थोडें समजून घेतलें पाहिजे. बोट कापलें असतां होणारी वेदना ही इजेची सूचना असते. जखम भरली कीं ती थांबते. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्यास वैद्यकांत जुनाट दुखणें म्हणतात. त्यांत मज्जातंतु व मेंदू यांची सूचना देण्याची यंत्रणाच पुष्कळदां अधिक हळवी झालेली असते. दाराची घंटा बिघडून वाऱ्याच्या झुळकेनेंही वाजूं लागावी, तसेंच कांहींसें हें आहे. वेदना खरीच असते. परंतु वेदना मोठी म्हणून आंतील इजाही तितकीच मोठी, हा हिशेब नेहमीं बरोबर येत नाहीं. अपुरी झोंप आणि काळजी यांनींही ती वाढते.

मग योगानें कांहीं साधतें काय? स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचे शरीरावरील परिणाम यंत्रांच्या साहाय्यानें तपासण्याची परंपरा आपल्याकडे सुरू केली. अमेरिकेंत जुनाट कंबरदुखीच्या ३२० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. तींत १२ आठवड्यांचा सौम्य योगवर्ग फिजिओथेरपीच्या तुलनेंत उणा ठरला नाहीं. मात्र अशा चाचण्यांतून दिसणारा लाभ बेताचाच असतो, आणि कांहींचें दुखणें योगानें वाढतेंही, हेंही सांगितलें पाहिजे. म्हणूनच मापाचें महत्त्व.

पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांचें उदाहरण येथें मोलाचें आहे. १९७९ सालीं, वयाची साठी गांठल्यावर, स्कूटरच्या अपघातांत त्यांच्या खांद्यास व पाठीच्या कण्यास इजा झाली. ज्यांनीं जगाला आसनें शिकविलीं, त्यांनाच साधीं आसनें पुन्हां पहिल्यापासून साधावीं लागलीं. खुर्ची, दोर, पट्टा, लांकडी ठोकळे, लोड अशा साधनांचा आधार घेण्यांत त्यांनीं कधीं कमीपणा मानला नाहीं. २०१४ सालीं ९५ व्या वर्षीं ते निवर्तले. उतारवयांतही त्यांचा अभ्यास चालू होता.

आतां घरची रीत. प्रथम आठवडाभर एक वही ठेवावी. समजा, हात व गुडघे टेकून पाठ खालींवर करण्याचें मार्जारासन दुखणें न वाढतां एके दिवशीं ८ वेळां जमलें, दुसऱ्या दिवशीं ५, मग ९, मग ४. यांतील सर्वांत लहान आंकडा घ्यावा. बऱ्या दिवशीं ४ आणि वाईट दिवशींही ४. अगदींच न जमल्यास २, पण सतरंजी अंथरल्यावांचून राहूं नये. दोन आठवडे सुखानें गेले कीं एकानें वाढवावें. बऱ्या दिवशीं हात आंखडणें हेंच मला सर्वांत कठीण गेलें.

जमिनीवर बसवत नसेल त्यांनीं प्राणायाम खुर्चींत करावा. पुढें वांकवत नसेल त्यांनीं स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकून पाठ लांबवावी. शवासनांत पोटऱ्या खुर्चीवर ठेविल्या तर कंबरेस विसांवा मिळतो. ताण जाणवणें ठीक. परंतु टोंचल्यासारखी कळ आली, पायांत मुंग्या उतरल्या, किंवा श्वास अडकूं लागला, तर तेथेंच थांबावें. दुसऱ्या सकाळीं दुखणें नेहमींपेक्षां अधिक असेल तर माप कमी करावें. थंडीच्या दिवसांत ऊन पाण्यानें स्नान झाल्यावर अभ्यास करणें बरें.

आरंभीं जाणत्या शिक्षकाकडून चार धडे घ्यावे व आपलें दुखणें त्यांस आधीं सांगावें. काचबिंदू असणाऱ्यांनीं डोकें खालीं करण्याचीं आसनें टाळावीं. हाडें ठिसूळ झालेल्यांनीं डॉक्टरांस विचारल्याशिवाय पुढें वांकूं नये. पाय लुळा पडणें, जांघांमध्यें बधिरता येणें, लघवी-शौचावरील ताबा जाणें, ताप अथवा अकारण वजन घटणें, यांपैकीं कांहीं आढळल्यास आसनें बाजूस ठेवून तत्काळ डॉक्टरांकडे जावें.

पतंजलींनीं आसनाचीं लक्षणें म्हणून स्थैर्य आणि सुख हीं दोनच सांगितलीं. किती वांकावें याचा त्यांत उल्लेखही नाहीं. माझी कंबर आजही दुखते, आणि ती अजिबात थांबेल अशी आशा मी बाळगीत नाहीं. परंतु माझ्या वहींत आतां कोरा दिवस क्वचितच सांपडतो, आणि गेल्या हिवाळ्यांत पायमोजे मीं माझ्या हातांनीं चढविले.